हौशी शर्यतींतील मोटारींची वर्गवारी

कुस्तीच्या फडात दोन मल्ल सलामीसाठी पुढे आले, की जोड बरोबरीची आहे किंवा नाही, हे सभोवार बसलेल्या प्रेक्षकांना एका दृष्टिक्षेपात उमगते. पन्नास किलो वजनाच्या पोराला नव्वद किलोच्या गड्यापुढे उभे केले, तर डाव सुरू होण्यापूर्वीच लोक हरकत घेतील. म्हणून मल्लांना काट्यावर उभे करून वजनाप्रमाणे गट पाडण्याची रीत पडली. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला होणाऱ्या घोड्यांच्या शर्यतींत याच न्यायाची दुसरी तऱ्हा पाहावयास मिळते. तेथील हँडिकॅपच्या शर्यतीत सरस ठरलेल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन दिले जाते आणि दुबळ्या घोड्याला हलके सोडले जाते. दोन्ही ठिकाणी हेतू एकच असतो. निकाल आधीच ठरलेला नसावा. तो कौशल्याने, दमाने आणि त्या दिवशीच्या कामगिरीने लागावा.

मोटारींच्या शर्यतीत हाच हेतू साधावयाचा म्हटले, तर एक विलक्षण अडचण उभी राहते. काट्यावर ठेवावयाचे काय? मोटारीचे वजन, तिच्या इंजिनाची शक्ती, तिच्या टायरांची पकड, तिच्या चाकांमधील अंतर, की तिच्या मालकाची थैली? यांपैकी कोणतीही एक गोष्ट घेतली, तरी मोटारीची खरी लायकी तीत पुरती उतरत नाही. शिवाय मल्लाचे वजन त्याच दिवशी काट्यावर दिसते; मोटारीचे सामर्थ्य मात्र कित्येकदा दोन-तीन वर्षे शर्यती होऊन गेल्यावरच उघड होते. यामुळेच हौशी मोटार-शर्यतींचे नियम दरवर्षी नव्याने तपासावे लागतात, आणि दरवर्षी त्यांवरून वादही होतात. हा वाद वरवर पाहता चार छांदिष्टांचा वाटेल. परंतु अनेक माणसांनी एका नियमाखाली एकत्र नांदावयाचे, तर तो नियम केव्हा आणि कसा बदलावा, हा त्यातील प्रश्न सर्वांच्याच जिव्हाळ्याचा आहे.

या प्रश्नाचा फार तपशीलवार विचार अमेरिकेत झाला आहे. तेथील 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' ही संस्था १९४४ साली स्थापन झाली. तिच्या अनेक उपक्रमांपैकी 'सोलो' या नावाने ओळखला जाणारा उपक्रम सामान्य मोटारमालकाला सर्वांत जवळचा आहे. ऑटोक्रॉस हे त्याचे प्रचलित नाव. एखादे विस्तीर्ण वाहनतळ किंवा जुन्या विमानतळाचे काँक्रीटचे पटांगण घ्यावयाचे, त्यावर नारिंगी रंगाचे शंकू मांडून नागमोडी वाट आखावयाची, आणि त्या वाटेने एका वेळी एकच मोटार घड्याळाविरुद्ध सोडावयाची, असे या खेळाचे स्वरूप आहे. एक फेरी साधारणपणे मिनिटाच्या आसपास संपते. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. एक शंकू पाडला, की वेळेत दोन सेकंदांची भर पडते. वाट चुकली, तर ती फेरी बाद होते. मोटारी एकमेकींशी भिडत नसल्यामुळे धोका कमी, खर्चही बेताचा. पाडलेले शंकू पुन्हा जागेवर उभे करण्याचे कामही स्पर्धकच पाळीपाळीने करतात. थोडा वेळ चालकाच्या आसनावर आणि थोडा वेळ उन्हात शंकूंमागे धावत, असा हा खेळ आहे.

या स्पर्धांचा वार्षिक राष्ट्रीय मेळावा २००९ सालापासून नेब्रास्का राज्यातील लिंकन या शहरी, पूर्वी हवाई दलाच्या ताब्यात असलेल्या पटांगणावर सप्टेंबरच्या सुमारास भरत आला आहे. तेथे हजारांहून अधिक चालक जमतात. दोन दिवस, दोन निरनिराळ्या वाटा, आणि प्रत्येक वाटेवर तीन फेऱ्या, एवढीच प्रत्येकाला संधी मिळते. दोन्ही दिवसांच्या उत्तम वेळांची बेरीज करून क्रम लावला जातो. वर्षभराची तयारी सहा मिनिटांत पणाला लागते. कित्येकदा नवरा आणि बायको, किंवा बाप आणि लेक, एकच मोटार आळीपाळीने चालवितात. पुष्कळांची मोटार तर तीच असते, जी सोमवारी सकाळी त्यांना कचेरीत घेऊन जाते.

वर्गवारीचे महत्त्व येथेच ध्यानात येते. व्यावसायिक शर्यतीत मोटार ही कारखान्याची असते, खर्च जाहिरातदाराचा असतो आणि हार-जीत हा व्यवहाराचा भाग असतो. हौशी शर्यतीत मोटार घरची, टायर पगारातून घेतलेले आणि सुट्टी साहेबाकडून मागून आणलेली असते. अशा माणसाने एका साध्या, जुन्या, दोन आसनांच्या मोटारीनिशी पटांगणावर यावे आणि त्याच्या शेजारी दसपट किमतीची मोटार उभी राहावी, तर त्याच्या कौशल्याला अर्थच उरणार नाही. प्रत्येक वर्गाच्या मागे एक न उच्चारलेले वचन असते: येथे थैलीची नव्हे, हाताची परीक्षा होईल. हे वचन पाळले गेले नाही, तर सामान्य स्पर्धक भांडत बसत नाही. तो मुकाट्याने येण्याचे थांबतो. आणि त्याच्या येण्यावरच हा सारा खेळ चालतो.

वर्ग पाडण्याच्या रीती अनेक आहेत. सर्वांत जुनी आणि सोपी रीत इंजिनाच्या आकारमानाची. इंजिनाच्या सिलिंडरांचे घनमान, ज्याला आपण व्यवहारात 'सीसी' म्हणतो, ते पाहून गट करावयाचे. भारतात रॅली आणि ऑटोक्रॉस यांत वर्ग पाडताना हेच माप प्रामुख्याने वापरण्यात आले आहे. मद्रासजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील धावपट्टीवर ज्या शर्यती पुढे अनेक वर्षे होत असत, त्यांच्या जुन्या प्रेक्षकांना ही परिभाषा परिचयाची आहे. या मापाचा मोठा गुण असा, की ते निर्विवाद असते. इंजिन उघडले, मोजले, संपले. परंतु त्याचा दोषही तेवढाच मोठा आहे. त्याच घनमानाच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडला, म्हणजे त्यात अधिक हवा दाबून भरली, की शक्ती कितीतरी वाढते. एकाच आकारमानाच्या दोन इंजिनांपैकी एक अवजड प्रवासी गाडीत बसविलेले असते, दुसरे हलक्या क्रीडामोटारीत. आकडा सारखा, परंतु जोड विषम.

दुसरी रीत वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराची. १९९१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन' या दुसऱ्या संस्थेने आपल्या काही वर्गांत ही रीत अवलंबिली आहे. मोटार डायनामोमीटर नावाच्या यंत्राच्या रुळांवर चढवून चाकांपाशी मिळणारी शक्ती मोजावयाची, मोटार काट्यावर तोलावयाची, आणि प्रत्येक अश्वशक्तीमागे किती वजन पडते, ते पाहून वर्ग ठरवावयाचा. यात टायर आणि काही सुधारणा यांबद्दल हिशेबात फेरफार करण्याची तरतूद असते. ही रीत न्यायाच्या अधिक जवळ जाते. परंतु तिला यंत्रे लागतात, तपासनीस लागतात आणि स्पर्धकाला खर्च येतो. रविवारच्या एका सकाळी वाहनतळावर जमलेल्या शंभर मोटारींना ती लावणे कठीण.

तिसरी रीत घोड्यांच्या शर्यतीसारखी आहे. एकाच नावाच्या मोटारींच्या निरनिराळ्या वर्षांच्या आवृत्त्या एकत्र धावावयाच्या असतील, तर जी आवृत्ती सरस ठरते, तिच्यावर अधिक वजन ठेवावयाचे, अथवा तिच्या इंजिनात जाणारी हवा मध्यभागी भोक असलेली चकती बसवून आवरावयाची. 'स्पेक मियाटा' या नावाने चालणाऱ्या वर्गात जुन्या-नव्या माझदा मियाटा मोटारी याच उपायाने एका ओळीत आणल्या जातात.

सोलोमध्ये मुख्यतः चौथी रीत चालते. ही यादीची रीत होय. तेथे मोटार तोलली जात नाही. तिचे नाव, नमुना आणि साल पाहून तिचा वर्ग पुस्तकात लिहून ठेवलेला असतो. या पुस्तकाची रचना दोन प्रश्नांवर उभी आहे. पहिला प्रश्न, मालकाने मोटारीत किती बदल केला आहे? दुसरा प्रश्न, कारखान्यातून आली तेव्हा ती मूळची केवढी समर्थ होती? २०१४ नंतरच्या दशकात रूढ झालेल्या रचनेत सर्वांत कमी बदलांच्या विभागाला 'स्ट्रीट' असे नाव आहे. त्यात शॉक ॲब्सॉर्बर बदलता येतात, ब्रेकचे पॅड बदलता येतात, वळणावर गाडीचा कल आवरणारी दांडी पुढची किंवा मागची, यांपैकी एक बदलता येते. परंतु इंजिनाला हात लावता येत नाही. त्याच्या वर क्रमाक्रमाने अधिक मोकळीक देणारे विभाग असतात, आणि शेवटच्या टोकाला केवळ शर्यतीसाठी घडविलेली वाहने येतात. स्ट्रीट विभागाच्या पोटात पुन्हा 'सुपर स्ट्रीट'पासून 'एच स्ट्रीट'पर्यंत वर्गांची उतरंड आहे. वरच्या टोकाला महागड्या क्रीडामोटारी, तर खालच्या टोकाला घरगुती वापराच्या छोट्या गाड्या.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा प्रकार समजावयास अवघड जाऊ नये. जमिनीची प्रत एकदा मोजणीच्या वेळी ठरते. तरीही पिकाची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, ती दरसाल नव्याने काढावी लागते. जमीन तीच असते, परंतु पाऊस तोच नसतो. ज्या वर्षी पैसेवारी पन्नासांच्या खाली येते, त्या वर्षी गाव टंचाईचे मानले जाते. म्हणून त्या एका आकड्याकडे सारे गाव डोळे लावून बसते, आणि तो चुकीचा लागला असे वाटले, तर तक्रार करते. मोटारींच्या यादीचेही तसेच आहे. मोटार तीच असली, तरी तिच्या भोवतालचे वर्ष पालटते.

हे वर्ष पालटते, म्हणजे नेमके काय घडते? पहिली गोष्ट अशी, की कारखाने दरसाल नवे नमुने बाजारात आणतात आणि प्रत्येकाला यादीत जागा द्यावी लागते. ती देताना समितीच्या हातात छापील आकड्यांपलीकडे फारसे काही नसते. नाव तेच ठेवून आतले सामर्थ्य वाढविण्याची कारखान्यांची रीत तर प्रसिद्धच आहे. माझदा एमएक्स-५ या मोटारीची चौथी पिढी अमेरिकेत २०१६ साली आली, तेव्हा तिचे इंजिन १५५ अश्वशक्तीचे होते. २०१९ च्या नमुन्यात तेच इंजिन सुधारून १८१ अश्वशक्तीचे झाले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मोटारी एकच वाटतील. परंतु एका हजारांशाने निकाल लागणाऱ्या खेळात सव्वीस अश्वशक्तींचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. दोन्ही वर्षांना एका वर्गात ठेवावे, की त्यांच्यामध्ये रेघ ओढावी, हा प्रश्न समितीपुढे आपोआप उभा राहतो. होंडा एस२००० या मोटारीची 'सीआर' ही शर्यतीच्या दृष्टीने कडक केलेली आवृत्ती निघाली, तेव्हा यादीत 'सीआर सोडून' अशी पुस्ती साध्या मोटारीच्या नावापुढे जोडण्याची वेळ आली.

दुसरी गोष्ट अनुभवाची. कागदावर सामान्य वाटणारी एखादी मोटार प्रत्यक्ष पटांगणावर अजिंक्य ठरते. तिची चाके रुंद असतात, तिचे वजन पुढे-मागे नेमके विभागलेले असते, किंवा शंकूंच्या आखूड वळणांना तिचा गिअर अचूक जुळतो. एका हंगामात ही गोष्ट चाणाक्षांच्या ध्यानात येते; दुसऱ्या हंगामात त्या वर्गातील पहिले पाचही चालक तीच मोटार घेऊन येतात. वर्गात नावे पन्नास मोटारींची असतात, पण जिंकणारी मोटार एकच उरते. अशा वेळी तिला वरच्या वर्गात पाठवावे लागते, नाही तर इतर एकोणपन्नास मोटारींचे मालक घरी बसतात.

तिसरी गोष्ट वयाची. जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळेनासे होतात, त्या गंजतात, कमी होतात. त्यांच्यासाठी राखलेला वर्ग हळूहळू ओस पडतो. तीन-चार स्पर्धकांचा वर्ग राष्ट्रीय मेळाव्यात चालविणे निरर्थक. म्हणून असे वर्ग एकत्र करणे भाग पडते. चौथी गोष्ट मानवी बुद्धीची. नियमात जे लिहिलेले नाही, त्यातून वाट काढणारा स्पर्धक प्रत्येक खेळात असतो. एकाने वाट काढली, की दुसऱ्या वर्षी ती वाट हमरस्ता होते. मग नियमात एक वाक्य वाढते.

टायरांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे. पूर्वी सर्वांत कमी बदलांच्या विभागाला 'स्टॉक' म्हणजे मूळ स्थितीतील मोटारींचा विभाग असे नाव होते. मोटार मूळ स्थितीत ठेवण्याचे बंधन कडक. परंतु टायर मात्र शर्यतीसाठी खास बनविलेले मऊ रबराचे चालत. हे टायर रस्त्याला चिकटत खरे, पण लवकर संपत. राष्ट्रीय पातळीवर जिंकावयाचे, तर पुन्हा पुन्हा नवे संच घेणे ओघानेच येई. परिणाम असा झाला, की ज्याला सर्वांत साधा विभाग म्हणावयाचे, तोच नवख्याला न परवडणारा झाला. २०१४ साली संस्थेने हा विभाग मोडून त्या जागी 'स्ट्रीट' विभाग आणला आणि रस्त्यावर रोज वापरता येतील असेच टायर सक्तीचे केले. अमेरिकेत टायरवर त्याच्या झिजेचा निर्देशांक छापावा लागतो. प्रमाण टायरचा अंक १०० धरला, तर २०० अंकाचा टायर त्याच्या दुप्पट टिकावा, अशी कल्पना असते. सोलोच्या नियमाने या अंकाची किमान मर्यादा प्रारंभी १४० ठेवली आणि पुढे ती २०० केली.

वाद मिटला असे वाटेल. पण तसे झाले नाही. हा अंक छापण्यासाठी लागणारी चाचणी टायरचा कारखानाच करवून घेतो. साहजिकच काही कारखान्यांनी २०० हा अंक छापलेले, तरीही शर्यतीच्या टायरांच्या जवळपास पकड देणारे टायर बाजारात आणले. कायद्याचे अक्षर पाळले गेले. हेतू मात्र पुन्हा निसटू लागला. म्हणून केवळ अंकावर विसंबून न राहता टायर किती खोल खाचांचा असावा, तो बाजारात सर्वांना मिळतो किंवा नाही, अशा आणखी अटी नियमांत असाव्या लागतात. येथे दोष कोणा एकाचा नाही. माप ठरविले, की माणूस मापाला उतरण्याचा प्रयत्न करतो, आणि ज्यासाठी माप ठरविले, ती वस्तू बाजूस राहते. परीक्षेच्या गुणांपासून धान्याच्या प्रतवारीपर्यंत सर्वत्र हाच अनुभव येतो.

बदलाची रीत कशी आहे, ते पाहणेही आवश्यक आहे. कारण न्यायाचा खरा आधार तेथेच सापडतो. कोणताही सभासद पत्र लिहून बदल सुचवू शकतो. आपली मोटार चुकीच्या वर्गात आहे, अमुक सुधारणेला परवानगी असावी, तमुक वाक्य संदिग्ध आहे, अशी ही पत्रे असतात. प्रत्येक विभागाची एक सल्लागार समिती ती वाचते आणि आपले मत 'सोलो इव्हेंट्स बोर्ड' या मंडळाकडे पाठविते. संस्थेच्या 'फास्टट्रॅक' या नियतकालिक पत्रकात प्रस्ताव प्रसिद्ध होतात आणि सभासदांना त्यांवर अनुकूल किंवा प्रतिकूल मत कळविण्यास अवधी मिळतो. फेटाळलेल्या सूचनांचाही तेथे उल्लेख असतो. महत्त्वाच्या बदलांना सभासदांनी निवडलेल्या संचालक मंडळाची संमती लागते, आणि ते बदल सामान्यतः १ जानेवारीपासून अंमलात येतात. सप्टेंबरातील राष्ट्रीय मेळावा आणि नवे वर्ष यांच्यामधल्या महिन्यांत ही पत्रके किती उत्सुकतेने आणि किती धास्तीने वाचली जात असतील, याची कल्पना करता येईल.

ही धास्ती निराधार नसते. समजा, एका शिक्षकाने दोन वर्षे पैसे साठवून एका विशिष्ट वर्गासाठी योग्य अशी मोटार घेतली. तिला नवे शॉक ॲब्सॉर्बर बसविले, तिच्या मापाची चाके शोधून आणली. एक हंगाम तो शिकला. दुसऱ्या हंगामात जिंकू लागला. तिसऱ्या वर्षाच्या प्रारंभी त्याची मोटार वरच्या वर्गात गेली, जेथे तिच्यापुढे दुप्पट शक्तीच्या मोटारी उभ्या आहेत. त्याने कोणताही नियम मोडलेला नाही. तरीही त्याच्या दोन वर्षांच्या मेहनतीचे मोल एका ओळीने उतरले. त्याला आपली फसवणूक झाली असे वाटले, तर नवल नाही. आता त्याच वर्गातील दुसऱ्या एका स्पर्धकाची बाजू पाहा. त्याची मोटार वेगळ्या नमुन्याची आहे. तो दर रविवारी येतो, उत्तम चालवितो, आणि दर रविवारी त्या एकाच मोटारीच्या मागे राहतो. मोटार विकून तीच घ्यावी, तर ऐपत नाही. यादी बदलली नाही, तर त्याच्या मेहनतीला मोल कधीच मिळणार नाही. समितीने काहीही केले, तरी या दोघांपैकी एकाचे नुकसान होणारच. बदल न करणे हादेखील एक निर्णयच असतो. फक्त त्याचे नुकसान निमूटपणे सोसले जाते, म्हणून ते दिसत नाही.

यावर काही जण असा उपाय सुचवितात, की वर्गांवर भांडण्यापेक्षा सर्वांना एकाच यादीत आणावे आणि वेळेलाच गुणक लावावा. स्थानिक स्पर्धांत याचा पुष्कळ वापर होतो. 'पॅक्स' या नावाने ओळखले जाणारे हे गुणक दरसाल, ठिकठिकाणच्या स्पर्धांचे निकाल पाहून काढले जातात. प्रत्येक वर्गाला सामान्यतः एकापेक्षा कमी असा एक अंक मिळतो. वर्ग जितका वेगवान, तितका त्याचा अंक मोठा. उदाहरणादाखल, एका वर्गाचा गुणक ०.८०० आहे आणि चालकाने ५० सेकंदांत फेरी पुरी केली, तर त्याची हिशेबी वेळ ४० सेकंद होईल. दुसऱ्या, अधिक वेगवान वर्गाचा गुणक ०.८५० असेल, तर त्या वर्गातील चालकाला ४० सेकंदांची बरोबरी करण्यासाठी सुमारे ४७ सेकंदांत फेरी संपवावी लागेल. छोट्या मोटारीचा कुशल चालक या हिशेबात मोठ्या मोटारीच्या चालकाला मागे टाकू शकतो, हे या पद्धतीचे आकर्षण आहे. परंतु गुणकही अनुभवावरूनच निघतो. पटांगण अरुंद असेल, वाट वळणावळणांची असेल, अथवा सकाळी पाऊस पडून दुपारी ऊन पडले असेल, तर सारे गणित चुकते. म्हणजे वर्गाचा वाद टळला, तरी आकड्याचा वाद राहतोच, आणि तोही दरवर्षी नव्याने.

नव्या काळाने या जुन्या प्रश्नात आणखी भर घातली आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी वजनाने जड असतात, पण त्यांची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण असते. टेस्ला मॉडेल ३ सारख्या एका नावाच्या मोटारीच्या आवृत्त्या शक्तीने इतक्या भिन्न, की त्या सर्वांना एका ओळीत लिहिणे शक्य नाही. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, अशा मोटारीचा वेग वाढविण्यासाठी आता हत्यारे लागत नाहीत. काही आवृत्त्यांत कारखान्याला पैसे भरले, की दुरूनच आज्ञावली बदलून मोटार अधिक चपळ होते. मग कारखान्यातून आलेली मूळ स्थिती कोणती? मोटार विकत घेतली त्या दिवसाची, की काल रात्री बदललेली? ज्या यादीचा पाया 'नमुना आणि साल' एवढाच आहे, तिला हा प्रश्न मुळापासून हलवितो. इंजिन उघडून मोजण्याचा जुना, निर्विवाद मार्ग येथे उपयोगी पडत नाही.

एकंदरीत पाहता, मोटारींची पूर्णतः निर्दोष वर्गवारी कोणालाही करता आलेली नाही, आणि पुढेही ती होण्याचा संभव नाही. आकारमानाचे माप सोपे पण ढोबळ. शक्तीचे माप अचूक पण महाग. यादी सोयीची पण अनुभवाच्या मागे राहणारी. गुणक चतुर पण हवामानाला बळी पडणारा. असे असूनही लिंकनच्या पटांगणावर दर सप्टेंबरात हजारावर माणसे आपापल्या मोटारी घेऊन येतात, आणि निकालाला मान देऊन परत जातात. यादी चुकते, हे त्यांना ठाऊक असते. पण ती कशी बदलते, हेही त्यांना ठाऊक असते. बदलाचा प्रस्ताव आधी छापला जातो, त्यावर बोलण्याची संधी मिळते, आणि तो ठरलेल्या तारखेपासूनच लागू होतो. हंगामाच्या मध्यावर, कोणाच्या तरी सोयीसाठी, रातोरात नियम फिरविला जाणार नाही, एवढा विश्वास असला, की माणूस आपल्याविरुद्ध गेलेला निर्णयही पचवू शकतो.

त्या शिक्षकाच्या हातीही १ जानेवारीला दोन मार्ग उरतात. मोटार विकून दुसरी घ्यावी, किंवा तीच घेऊन वरच्या वर्गात उतरावे आणि आपला हात आजमावावा. तिसरा मार्ग पत्राचा. आपल्या मोटारीच्या फेऱ्यांच्या वेळा, प्रतिस्पर्ध्यांच्या वेळा आणि आपले म्हणणे नीट मांडून त्याने समितीला लिहावे. कदाचित पुढच्या पत्रकात 'शिफारस करता येत नाही' एवढेच उत्तर येईल. कदाचित पुढल्या वर्षी त्याच्या मोटारीच्या नावापुढील अक्षर पुन्हा बदलेल. तोवर रविवार येतच राहतात, आणि आपली फेरी झाली, की पाडलेले शंकू उभे करण्यासाठी त्याला इतरांप्रमाणेच उन्हात उभे राहावे लागते. तेथे मात्र वर्ग नसतात.